म्हाताऱ्या आईबाबांसाठी डबा लावावा की स्वयंपाकाला मावशी? दोन्ही करून झालंय म्हणून लिहितोय

आई ७४, बाबा ७९, दोघं कोथरूडला आणि मी बंगळुरात. आईचे गुडघे गेले, ओट्यापाशी दहा मिनिटांच्या वर उभं राहता येईना, तेव्हा आमच्याकडेही हाच प्रश्न आला. आधी सात महिने डबा होता, आता दीड वर्ष मावशी येतात. तुमच्याकडे गणित वेगळं असू शकतं हे आधीच सांगतो.

डब्याला मी उगाच नावं ठेवणार नाही. खाडा नाही, गॅस चालू राहिला का ही धास्ती नाही, भाजी आणा-निवडा नाही, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच आईला 'आज काय करू' हे कोणाला विचारावं लागलं नाही. डबा देणाऱ्या काकू स्वभावाने चांगल्या, चवही घरच्यासारखी. मी रोज फोनवर जेवलात का विचारायचो, बाबा म्हणायचे हो, छान होतं, आणि मी पण निवांत.

दिवाळीत घरी गेलो तर बाबांच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवीन भोक. वजन केलं, ६२ चे ५७ झालेले. आणि गॅलरीत पेपरावर पोळ्या वाळत घातलेल्या, पापडासारख्या कडक, चांगल्या वीसेक तरी असतील.

झालं असं की डबा यायचा पावणेअकराला आणि आमच्याकडे जेवण एकला. गरम पोळ्या फॉइलमध्ये गुंडाळल्या की त्यांना आधी घाम सुटतो आणि मग त्या वातड होतात, तुमच्याआमच्या दातांना कळत पण नाही, पण बाबांना कवळी आहे. ते तीनमधली एक कशीबशी आमटीत बुडवून खायचे आणि बाकी भातावर भागवायचे. उरलेल्या आई वाळवून ठेवायची, अन्न टाकायचं नाही, पुढे कुस्करा करू म्हणून, पण कुस्करा करायला ओट्यापाशी उभं राहायला नको का! मी विचारलं आधी का नाही सांगितलंत, तर बाबा म्हणाले, "माणूस जिने चढून आणून देतो, त्याला काय नावं ठेवायची."

काकूंना सांगून पाहिलं. त्यांनी तूप वाढवलं, वेगळं पॅकिंगही केलं, पण ज्यांना साठ डबे भरायचेत त्या पोळ्या सकाळी सहालाच लाटायला घेणार, त्यात त्यांची चूक काहीच नाही. गरम करून खा म्हणावं तर त्या आणखीच चामट.

पोळीचं एवढं काय लावलंय म्हणाल तर हिशोब बघा. आयसीएमआरचा (म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) २०२० चा आकडा आहे दर किलो वजनाला रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन, आणि वय झालं की स्नायू झडतात म्हणून म्हाताऱ्या माणसांसाठी १ ते १.२ पर्यंत न्या असं बरेच तज्ज्ञ सांगतात (किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको). म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ५० ते ७० ग्रॅम. एका पोळीत साधारण ३ ग्रॅम असतं, दोन पोळ्या गॅलरीत गेल्या की ६ ग्रॅम गेलं, आणि डब्यातलं वरण पातळच असतं, त्यातून ते भरून निघत नाही.

मावशी बाराला येतात, पोळी तव्यावरून थेट ताटात. त्या कणीक दुधात भिजवतात, त्यामुळे रात्रीची उरलेली पोळीसुद्धा बाबांना चावते. संध्याकाळी कधी घट्ट पिठलं, कधी मुगाची मऊ खिचडी, आणि धिरड्याचं पीठ कालवून ठेवून जातात. बाबांना एक उकडलेलं अंडं (आईचं ताट लांब, तिला वासही चालत नाही). थंडीत नाचणीची भाकरी, गरम असतानाच दुधात कुस्करून. आणि टेबलावर ताकाचा तांब्या, कारण वय झालं की तहानच कमी लागते, समोर दिसलं तरच पितात.

मिठाचंही तसंच. आईला बीपी आहे, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणजे एक लहान चमचा, लोणचं-पापड धरून. डब्याची भाजी साठ जणांच्या पातेल्यातली, त्यातून मीठ काढणार कसं? मावशींचा हातही सढळच निघाला, पण आता आई ओट्याशेजारी खुर्ची टाकून बसते आणि मीठ स्वतः घालते. त्या निमित्ताने दोघींचं रोजचं भांडणही होतं, खोबरं किती यावरून.

मावशींचे त्रास आहेतच. खाडे आहेत, तेलाचा डबा पंधरा दिवसांत तळाला जातो, न सांगता सुट्टी झाली की दुपारी बारा वाजता मला बंगळुरात फोन येतो. पैशाचं म्हणाल तर पगार अधिक किराणा धरून डब्याएवढंच जातं आमचं, थोडं वरच. आणि आईचं बी१२ कमी होतं ते या दोन्हीतल्या कशानेच वाढलं नाही, त्याला गोळीच लागली.

तुमच्या घरी दात धड असतील, भात आवडीने खाणारी माणसं असतील किंवा घरात बाहेरची बाई नकोच असेल तर डबा बिनधास्त लावा, वाईट काहीच नाही. फक्त पहिल्या महिन्यात एकदा न सांगता जेवणाच्या वेळेला जाऊन बसा. आमच्याकडे बाबा आता ६० वर आलेत, हे सगळं पोळीमुळेच असं मी छातीठोक सांगणार नाही, पण पट्टा परत जुन्या भोकावर लागतोय.

काकूंचा नंबर अजून ठेवलाय. मावशी चैत्रात गावच्या जत्रेला आठ दिवस जातात तेव्हा त्यांचाच डबा येतो, फक्त पोळ्या नको म्हणून सांगितलंय.