एमआरआय-सोनोग्राफीच्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर: आठ महिने वापरल्यानंतर

पुढच्या वर्षाचं बिल परवा आलं. सही करण्याआधी डॉक्टरांनी मला विचारलं, "ठेवायचं की बंद करायचं?" त्याचं उत्तर द्यायचं म्हणून आठ महिन्यांचं सगळं डोळ्यांसमोर आणलं, तेच इथं लिहिते. फीचर्स तुम्ही डेमोत बघितली असतील, ती परत सांगत नाही.

कोल्हापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या इमेजिंग विभागाचं रिसेप्शन मी अकरा वर्षं सांभाळते. एक एमआरआय, एक सीटी, दोन सोनोग्राफी. डिसेंबरपर्यंत नंबर लावायला लांब वही होती. शाईनं नाव, पेन्सिलीनं वेळ. त्या वहीला कधी रिचार्ज लागला नाही, आणि सॉफ्टवेअरच्या एका वर्षाच्या पैशात तशा वह्या जन्मभर पुरल्या असत्या. त्यामुळं माझा सुरुवातीपासून विरोध होता, हे आधीच सांगते.

विरोधाला कारणही लगेच मिळालं. आदल्या संध्याकाळी पेशंटला मराठीत आपोआप मेसेज जातो, हे कंपनीनं फार कौतुकानं दाखवलं होतं. पोटाच्या सोनोग्राफीचा मेसेज होता: "कृपया ६ तास उपवास करून यावे." डेमोला आम्ही पाचजण बसलो होतो, कुणालाच त्यात खटकलं नाही. फेब्रुवारीत चंदगड तालुक्यातल्या एका वाडीवरून एक आजी पहाटेच्या एसटीनं आल्या. सोबत नातू. मी नेहमीप्रमाणं विचारलं, "आजी, काही खाल्लं नाही ना?" त्या म्हणाल्या, "न्हाई गं बाई, उपास हाय म्हणून लिवलंया न्हवं, शाबूची खिचडी खाल्ली नुसती. आनि दूध घेतलं कपभर."

त्यांचं काय चुकलं? आपल्याकडं उपवास म्हटल्यावर साबुदाणा, वरी, रताळं, केळं हेच येतं. तपासणीला लागतं ते उपाशीपोट. खाल्लं की पित्ताशय आकसतं, आतड्यात गॅस वाढतो, मग खडे आहेत की नाहीत हे नीट दिसत नाही. आजींना दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवलं, शेवटी अडीचला तपासणी झाली. परतीची सोयीची एसटी गेली ती गेलीच. त्यानंतर मी मोजायला लागले. मार्च संपेपर्यंत असे अकराजण आले. एक डायबिटीसचे काका होते, त्यांनी भगर खाल्ली होती आणि गोळीही घेतली होती. त्यांना तसंच उपाशी थांबवायची मला भीती वाटली, दुसऱ्या दिवशीची वेळ दिली.

एक शब्द बदलायला कंपनीला चार महिने लागले. मी तक्रार नोंदवली, तिला नंबर मिळाला, आणि दर आठवड्याला नवीन मुलगा फोन करून पहिल्यापासून विचारायचा. कारण सांगितलं की ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमानं एसएमएसचा मजकूर आधी डीएलटीवर, म्हणजे मोबाईल कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, नोंदवावा लागतो, मनाला येईल तसा बदलता येत नाही. नियम खरा आहे, तो मला मान्य आहे. पण जूनमध्ये त्यांनी मजकूर एकदाचा पाठवला, तेव्हा मंजुरी चार दिवसांत आली. म्हणजे बाकीचा सगळा वेळ त्यांच्याच टेबलांवर गेला. तोवर आम्ही दोघी रोज संध्याकाळी सोनोग्राफीच्या प्रत्येक पेशंटला हातानं फोन करत होतो. आपोआप चालणाऱ्या मेसेजचे पैसे भरून वर फोनचं बिल! याचा राग अजून गेलेला नाही.

आताचा मजकूर मी स्वतः लिहून दिलाय: "तपासणीआधी ६ तास काहीही खाऊ नका. उपवासाचे पदार्थ, चहा, दूधही नको. साधं पाणी चालेल. शुगरची गोळी असेल तर आधी फोन करा." तेव्हापासून खिचडी खाऊन कुणी आलेलं नाही.

एप्रिलमध्ये विचारलं असतं तर "बंद करा" म्हणाले असते. मत बदललं ते पावसात.

जुलैत पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळीच्या, म्हणजे ३९ फुटांच्या, वर गेलं. गगनबावड्याचा रस्ता बंद झाला. पूर्वी अशा दिवशी वहीतली निम्मी नावं येत नसत, मशीन रिकामं, आणि ज्यांना पुढच्या आठवड्याची तारीख दिलेली ते शाहूपुरी-मंगळवार पेठेत घरी बसलेले. त्यांना बोलवायचं तर एकेक फोन. या वेळी सकाळच्या मेसेजला लोकांनी "येता येत नाही" हा पर्याय दाबला, त्यांच्या जागा सुटल्या, आणि प्रतीक्षा यादीतल्या शहरातल्या पेशंटना आपोआप विचारणा गेली. साडेनऊपर्यंत एमआरआयच्या सहा मोकळ्या वेळांपैकी पाच भरल्या. ज्यांचा रस्ता बंद होता त्यांना नवीन तारीख मिळाली, कुणाचा नंबर शेवटी ढकलला गेला नाही. पाच घरांतलं पाठीचं, मेंदूचं दुखणं आठवडाभर आधी कळलं. हे वहीनं कधीच झालं नसतं.

वेळा मात्र स्वतः बसून लावाव्या लागतात. कंपनीनं सगळ्या एमआरआयला सरसकट ३० मिनिटं टाकली होती. मेंदूचा साधा स्कॅन त्याच्या आत उरकतो, पण कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसायला शिरेतून द्यायचं औषध) असेल, लहान मुलाला भूल द्यायची असेल, कुणाला बंद नळीत घाबरायला होत असेल, तर तासही कमी पडतो. पहिल्या आठवड्यात संध्याकाळी सातला दुपारचे पेशंट बसून होते. मग टेक्निशियनसोबत बसून प्रत्येक तपासणीची खरी वेळ घातली, उपाशीपोटीच्या तपासण्या अकराच्या आत आणि त्यातही शुगरवाले सर्वांत आधी. कॉन्ट्रास्टवाल्यांची वेळ क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट चढवल्याशिवाय पक्की होत नाही. हायवेवरचा अपघात सीटीला आला तर उरलेल्यांना उशिराचा मेसेज जातो, त्यामुळं काउंटरवरची भांडणं कमी झाली.

नाव एकदा टाकलं की वर्कलिस्टमधून (दिवसाच्या पेशंटांच्या यादीतून) थेट मशीनवर जातं. कोल्हापुरात याचं मोल मोठं आहे. आमच्याकडं एका दिवशी तीन पाटीलबाई होत्या, तिघींचं पहिलं नावही एकच. पूर्वी टेक्निशियन हातानं टाइप करायचा तेव्हा अशा दिवशी माझा जीव मुठीत असायचा. एमआरआयच्या चुंबकाजवळ धोका होऊ शकतो म्हणून बुकिंगच्या वेळी पेसमेकर, डोक्यात क्लिप, कानात इम्प्लांट आहे का हेही विचारलं जातं. मे महिन्यात एका आजोबांचा पेसमेकर गडहिंग्लजहून निघण्याआधीच कळला.

गरोदर बायकांच्या सोनोग्राफीचा फॉर्म एफ (गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याचा) वेगळाच भरावा लागतो, तिथं नाव-पत्ता परत टाइप करावा लागतो. हे त्यांनी जोडून द्यायला हवं.

आणि मोबाईल नंबरचा रकाना एकच आहे. गावाकडं नंबर असतो पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा. मेसेज हिंजवडीत वाजतो आणि आई राधानगरीत जेवून निघते. दुसऱ्या नंबरचा रकाना द्या, असं मी मे महिन्यापासून सांगतेय. "पुढच्या अपडेटमध्ये" एवढंच उत्तर येतं. तोवर मी पत्त्याच्या रकान्यात शेजाऱ्याचा नंबर लिहून ठेवते आणि त्यांना स्वतः फोन करते.

तीन वर्षांचे पैसे एकदम भरले तर सूट देतो, असं बिलाखाली लिहिलंय. मी डॉक्टरांना सांगितलं, ठेवूया, पण एकाच वर्षाचे भरा. दुसऱ्या नंबरचा रकाना कुठल्या तारखेला देणार, हे त्यांच्याकडून लेखी आल्यावर चेक द्या. चेक अजून माझ्या ड्रॉवरमध्येच आहे.