ईसीटू (अ‍ॅमेझॉनचा भाड्याचा) सर्व्हर झोपला: बॅकअपवरून डिस्क बदलायची की नवाच उभा करायचा?
एएमआय (आख्ख्या सर्व्हरची जपून ठेवलेली प्रत) असेल तर मी डोळे झाकून नवा सर्व्हर उभा करेन, जुना तसाच राहतो, नव्यावर साइट नीट चालतेय बघायचं आणि मगच इलास्टिक आयपी (एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवता येणारा बाहेरचा पत्ता) तिकडे वळवायचा, फसलं तर परत मागे. फक्त आतला आयपी (खाजगी नेटवर्कमधला पत्ता) सहसा बदलतो, कुठल्या कॉन्फिगमधे कोणी तो लिहून ठेवला असेल तर बोंबला.

डिस्क बदलताना ही कटकट नाही, पण सर्व्हर स्टॉप करा, स्नॅपशॉटवरून (डिस्कच्या जपून ठेवलेल्या प्रतीवरून) सर्व्हरच्याच झोनमधे (अ‍ॅमेझॉनच्या त्याच डेटा सेंटर विभागात) व्हॉल्यूम, म्हणजे नवी डिस्क, बनवा, जुनी काढून नवी त्याच डिव्हाइस नावाने लावा, तोवर साइट बंदच.

दोन्हीकडे डेटा एसथ्रीवरून (अ‍ॅमेझॉनचं साठवणीचं कोठार, स्नॅपशॉट तिथेच असतात) लागेल तसा खाली येतो, सुरुवातीला साइट रडतखडत चालते, लगेच रीबूट मारत बसू नका. आणि मायएसक्यूएल डेटाबेस त्याच डिस्कवर असेल तर त्याचा वेगळा डंप (फाइलमधे काढलेली प्रत) घेत जा राव.