पडकं घर: 'आहे तसं' घ्यावं की आधी तपासून?

कोकणात जुनं घर विकायला निघालं की एजंटच्या तोंडी दोन वाक्यं ठरलेली असतात. "घर आहे तसं घ्यायचं" आणि "लवकर सांगा, दुसरं गिऱ्हाईक बघून गेलंय." पहिल्या वाक्यात गैर काही नाही. मालक मुंबईला, घर कित्येक वर्षं बंद, डागडुजी करून मग विकायला कुणाला सवड नाही, म्हणून भाव उतरलेला. घोळ होतो तो 'आहे तसं' म्हणजे 'न तपासता' असं आपण धरून चालतो तेव्हा. दुरुस्तीचा एक रुपयाही मालकाकडे मागणार नाही, असं कबूल करूनही घर आढ्यापासून जोत्यापर्यंत तपासता येतं. माझ्या मते खरी निवड या दोन वाटांतच करायची आहे.

न तपासता घेणाऱ्याला मिळतो तो वेळ. व्यवहार पटकन होतो, मालक खूश, थोडी सूटही मिळते. पण घर कसं आहे याचा अंदाज त्याला फक्त डोळ्यांनी बांधावा लागतो आणि बंद घर डोळ्यांना फसवतं. उन्हाळ्यात बघितलं तर जास्तच. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तिथलं घर मे महिन्यात बघून पसंत करणं मला धाडसाचं वाटतं. जुलैत गेलात तर कौलं कुठे सरकलीत, दोन छपरांमधली पन्हळ कुठे गळते, मागच्या डोंगराचं पाणी जोत्याला लागतं की कुंपणाच्या गडग्याबाहेरून निघून जातं, हे कुणाला विचारावंच लागत नाही.

जांभ्याच्या जुन्या घराचा जीव छपरात असतो. चिरा, म्हणजे जांभ्याचा घडीव दगड, खाणीतून निघताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. पण अनेक घरांत चिरे मातीत बसवलेले असतात. छप्पर शाबूत आहे तोवर भिंत शाबूत. एकदा का पाणी वरून भिंतीत उतरायला लागलं की सांध्यांतली माती धुऊन जाते आणि भिंतीला पोट येतं. म्हणून तपासणारा आधी माळ्यावर चढतो. भाल, म्हणजे छपराची आडवी तुळई, मधे ठोकून बघण्यात फारसा अर्थ नाही, तिथे लाकूड बहुधा चांगलंच असतं. भालाचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथे स्क्रू ड्रायव्हर टेकवून जोर द्यावा. चांगलं लाकूड दाद देत नाही. कुजलेल्या लाकडात तो सहज आत जातो आणि बाहेर येताना ओला भुसा घेऊन येतो. वळचणीला आलेली वाशांची तोंडंही अशीच बघावीत. भिंतीवर चढलेल्या मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे असं समजावं. सगळं घर कळकट असताना एकाच भिंतीला कमरेएवढा ताजा रंग दिसला, तर त्यामागे ओल असण्याची शक्यता धरावी.

यासाठी दोन माणसं लागतात: तालुक्याच्या गावातला स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि जुन्या घरांची छपरं उतरवून चढवलेला गावातला सुतार. मला विचाराल तर जांभ्याच्या घरात सुताराचं मत आधी ऐकावं. इंजिनिअर खरा हवा तो स्लॅबच्या घराला. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी समुद्राजवळ किंवा खाडीकाठी बांधलेली स्लॅबची घरं बाहेरून धडधाकट दिसतात, पण खारं वारं आणि बांधकामात वापरलेली खारी वाळू आतल्या सळ्यांना गंज चढवते. गंजलेली सळी फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते. छताचे पापुद्रे निघालेले असले, सळ्या उघड्या पडलेल्या असल्या, तर वरून गिलावा करून भागत नाही. कुजलेला वासा बदलता येतो. गंजलेला स्लॅब बदलणं म्हणजे जवळजवळ नवं घर. शंभर वर्षांचं कौलारू घर तीस वर्षांच्या स्लॅबपेक्षा स्वस्तात सावरलं जाऊ शकतं, हे शहरातून येणाऱ्याला पटायला वेळ लागतो.

वायरिंग, संडास, पंप यांची तपासणी केली नाही तरी चालेल. ते नवीनच करायचं असं धरून चाला.

घर पाडूनच टाकायचं असेल तर भाल-वासे बघायची गरज नाही, तुम्ही जमीन घेताय. पण अशा वेळी सीआरझेडचा, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचा, नकाशा बघितल्याशिवाय कुदळ लावू नका. किनाऱ्यालगतच्या ना-विकास पट्ट्यात जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी मूळ जोत्याच्या मापात करता येते, नवं बांधकाम सहसा नाही. घर अधिकृत होतं याचे कागद नसताना पाडलंत तर हातात नुसती माडांची जागा राहू शकते.

कागदांची तपासणी मात्र कुठल्याच वाटेने टळत नाही. एजंट ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवतो, पण ती घरपट्टीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. सातबारावर किंवा प्रॉपर्टी कार्डवर किती नावं आहेत ते बघा. आजोबांच्या नावावरचं घर, चार मुलगे, तीन मुली, त्यातले दोघे वारलेले, आणि विकायला आलाय एकच नातू, हे चित्र कोकणात घरोघरी आहे. त्याच्या आत्यांची नावं फेरफारात लागलेली नसली तरी त्यांचा हक्क जात नाही. एकाचाच हिस्सा घेतलात तर आणखी पंचाईत. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्याने घेतला तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ त्याला घराचा सामायिक ताबा मिळू देत नाही. पैसे दिलेले, आणि ओटीवर बसायचाही हक्क नाही. घराखालची जमीन शेतीची असेल तर शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय ती घेता येत नाही. विहीर सामायिक आहे का आणि पाखाडीवरून (दगडी पायवाटेवरून) घरापर्यंतची वहिवाट कुणाच्या जागेतून जाते, हेही याच वेळी विचारावं. वकिलाकडून मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल आणि भूमी अभिलेखची मोजणी, या दोन खर्चांत काटकसर करू नये.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याचंच कलम ५५ विकणाऱ्यावर एक जबाबदारी टाकतं. त्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साधी काळजी घेऊनही दिसला नसता असा मोठा दोष त्याने सांगायला हवा, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर. न तपासता घेणारा इथे दोन्हीकडून अडकतो. 'आहे त्या स्थितीत' ही करारातली अट सही करून मान्य केलेली असते, आणि जो दोष नुसतं माळ्यावर चढून दिसला असता त्याबद्दल नंतर तक्रार करायला तोंड राहत नाही. तपासून घेणारा त्याच अटीवर सही करतो, पण दुरुस्तीचा अंदाज भावातून आधीच वजा करून.

बँकेच्या लिलावातलं घर ही वेगळी गत. तिथे 'जसे आहे, जेथे आहे' ही अट बदलत नाही. पाहणीसाठी दिलेल्या दिवशी सुतार आणि इंजिनिअर दोघांनाही सोबत न्यावं. आत कुणी राहत असेल आणि दार उघडलं जात नसेल, तर मी बोली लावणार नाही. खासगी व्यवहारातही मालक माळ्यावर चढू देत नसेल तर भाव फक्त जमिनीचा सांगा. तेवढ्यात तो तयार नसेल तर दुसरं घर बघा. गणपतीला सगळी भावकी गावात असते, तेव्हा एकाच फेरीत विकणारेही भेटतात आणि सह्या करणारेही.