लग्न बागेत की गच्चीवर?

वीस-पंचवीस माणसांत, बागेत लग्न. ऐकायला गोड! पण पुण्यात पालिकेच्या अनेक बागा दुपारी बंद असतात. मुहूर्त बाराचा निघाला तर फाटकाला कुलूप. सकाळी सातचा धरला तर हास्यक्लबवाले अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंनी डोकावणार. (आशीर्वादही देतील म्हणा.) उद्यान विभागाची लेखी परवानगी काढा आणि होम, मांडव, जेवण यांबद्दल त्यात काय लिहिलंय ते नीट वाचा. अक्षता तर विसराच. हिरवळीतून तांदूळ वेचताना माझी बोटं हिरवी झाली होती.

गच्चीला झाडांची सर नाही. चार कुंड्या, झेंडूच्या माळा, झालं. आजीला जिने चढवायचे तेवढा प्रश्न. पण होम निवांत पेटवा, पाऊस आला तर खाली घरात पळा. विधिवत लग्नाला मी गच्चीच म्हणेन.

नोंदणी विवाहाला मात्र बाग. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ३० दिवसांच्या नोटिशीनंतर, जादा शुल्क भरून, कार्यालयापासून वाजवी अंतरावरच्या जागी विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न लावता येतं. ३ साक्षीदार, सह्या, दोन हार. धूर नाही, सनई नाही. माळीबुवा तक्रार कशाची करणार?