सी ग्लासचे दागिने: समुद्रातली काच घ्यावी की घरी टंबलरमधे घासलेली?

जळगाव-धुळ्याकडे सी ग्लासचे, म्हणजे समुद्राने घासून गुळगुळीत आणि धूसर केलेल्या काचेच्या तुकड्यांचे दागिने करायचे म्हटलं की पहिला प्रश्न हाच, समुद्र इथून लांब मग बाटलीचे तुकडे घरीच टंबलरमधे (मोटरवर गोल फिरत राहणारा डबा) फिरवले तर चालतील का. चालतील, पण दोन्ही तुकडे शेजारी ठेवले की फरक कळतोच.

समुद्रात काच लाटा-गोट्यांनी घासली जाते ते तर आहेच, पण खाऱ्या पाण्यात काचेतला सोडा आणि चुना पण हळूहळू निघून जातो, वरचा थर बारीक खड्ड्यांचा होतो आणि याला 20-40 वर्षं सहज लागतात. भिंगाखाली धरा, चंद्रकोरीसारख्या बारीक खुणा दिसतील. टंबलरमधे सिलिकॉन कार्बाइडची पावडर आणि पाण्यात काही दिवसांत काम होतं पण सगळीकडून एकसारखी धूसर, खुणा नाहीत. तापी-गिरणेतली काच मधलीच, काठ बोथट होतात पण ती खारी धूसर छटा येत नाही. आणि ॲसिडने धूसर करायच्या भानगडीत अजिबात पडू नका, हायड्रोफ्लोरिक ॲसिड कातडीतून थेट हाडापर्यंत जातं.

रंगात टंबलर जिंकतो. किनाऱ्यावर पांढरी, हिरवी, चॉकलेटी भरपूर, निळी कमी, लाल-केशरी तर फारच क्वचित. कानातल्यांना एका मापाची जोडी लागते, ती समुद्र देत नाही, म्हणून कानातल्यांना टंबलर आणि एकट्या पेंडंटला समुद्रातलीच, माझं तरी हेच मत.

भोक पाडायचं असेल तर डायमंड बिट, तुकडा पाण्यात बुडवून, हळू स्पीडवर, निम्मं एका बाजूने आणि मग उलटं करून, म्हणजे मागचा टवका उडत नाही आणि काचेची धूळ नाकात जात नाही. पण समुद्रातल्या तुकड्याला भोक पाडायला माझा तर जीव होत नाही, त्याला तारेनेच गुंडाळा. सरावाला मोटर वायंडिंगवाल्याकडची तांब्याची तार मस्त, मऊ असते, फक्त वरचं इनॅमल पॉलिश पेपरने काढा. घालायच्या वस्तूला मात्र सराफाकडून चांदीची तार आणा, तांबं घामाने हिरवं पडतं.

विकणार असाल तर टंबलरची काच आहे हे स्पष्ट लिहा. आणि कोकणात जाणं झालंच तर ओहोटीला जा, मऊ वाळू सोडून गोट्यांच्या पट्ट्यात शोधा, ज्या तुकड्याला अजून धार आहे तो दागिन्याच्या कामाचा नाही, पण तिथे टाकू नका, कोणाच्या तरी पायात जाईल.