ग्रॅज्युएट व्हिसा की थेट स्पॉन्सरशिप? ब्रिटनमध्ये शिक्षण संपवणाऱ्यांसाठी

डिसेंबरात रात्री एक वाजता धाकट्या भावाचा फोन आला. तिकडे संध्याकाळचे साडेसात. "ताई, कंपनी म्हणतेय आधी ग्रॅज्युएट व्हिसा काढ, स्पॉन्सरशिपचं नंतर बघू. काय करू?" दादरच्या घरी ओट्याशेजारी उभ्या उभ्याच मी बेस्टच्या बिलामागे दोन रकाने आखले. नंतर हाच प्रश्न ओळखीच्या आणखी घरांतून आला, म्हणून तो हिशोब इथे मांडते.

ग्रॅज्युएट व्हिसा म्हणजे शिक्षण संपल्यावर ब्रिटनमध्ये राहून काम करायची मुभा. त्याला नोकरीचं पत्र लागत नाही, पगाराची अट नाही, बँकेत रक्कम दाखवावी लागत नाही. जवळपास कुठलंही काम करा, फ्रीलान्स करा, वाटेल तेव्हा कंपनी बदला. ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत अर्ज केला तर २ वर्षं मिळतात, त्यानंतर १८ महिने. पीएचडीवाल्यांना ३ वर्षं. एकदाच मिळतो, वाढवून मिळत नाही.

थेट स्पॉन्सरशिप म्हणजे स्किल्ड वर्कर व्हिसा. त्याला परवानाधारक कंपनीचं सीओएस, म्हणजे स्पॉन्सरशिपचं प्रमाणपत्र लागतं. काम पदवीच्या दर्जाचं हवं. पगार वर्षाला ४१,७०० पौंड किंवा त्या कामाचा सरकारने ठरवलेला दर, यातला जो जास्त तो. नुकतंच शिक्षण संपवलेल्यांना 'न्यू एंट्रंट' म्हणून सवलत आहे: ३३,४०० पौंड किंवा ठरलेल्या दराच्या ७० टक्के, यातलं जे जास्त ते. व्हिसा एका वेळी ५ वर्षांपर्यंतचा. पण नोकरी गेली की साधारण ६० दिवसांत नवा स्पॉन्सर शोधा, नाहीतर सामान बांधा.

पहिला रकाना बघून कुणालाही वाटेल, हाच बरा. मलाही वाटलं होतं. गोम आहे ती न्यू एंट्रंटच्या सवलतीत. ती एकूण ४ वर्षांची आहे आणि ग्रॅज्युएट व्हिसावर काढलेला काळ त्यातून वजा होतो. थेट गेलात तर पगार ४१,७०० च्या वर न्यायला ४ वर्षं हातात असतात. ग्रॅज्युएटवर २ वर्षं काढून गेलात तर उरतात दोनच. शिवाय ग्रॅज्युएटची वर्षं स्किल्ड वर्करवरून कायमचं वास्तव्य मागताना धरली जात नाहीत.

दुसरी गोष्ट कंपनीच्या खिशाची, आणि ही मुलांना कुणी सांगतच नाही. स्पॉन्सर करणारी कंपनी सरकारला इमिग्रेशन स्किल्स चार्ज भरते. मोठ्या कंपनीला डिसेंबर २०२५ पासून तो वर्षाला १,३२० पौंड पडतो. विद्यार्थी व्हिसावरून तिथल्या तिथे थेट स्किल्ड वर्करवर जाणाऱ्यासाठी हा चार्ज माफ आहे. ग्रॅज्युएटवरून जाणाऱ्यासाठी नाही. तीन वर्षांच्या स्पॉन्सरशिपमागे हा फरक ३,९६० पौंडांचा होतो. भावाच्या एचआरला हे ठाऊक नव्हतं. "नंतर बघू" म्हणणाऱ्या कंपनीसमोर हा आकडा जरूर ठेवा.

उलट बाजूही तितकीच खरी. ग्रॅज्युएटवरून स्किल्ड वर्करवर जाता येतं, पण स्किल्ड वर्करवरून मागे ग्रॅज्युएटवर येता येत नाही. त्यामुळे कंपनी नवखी असेल, साहेबाची भाषा दर आठवड्याला बदलत असेल, तर ते ६० दिवस डोळ्यांसमोर ठेवूनच सही करा. कर्जाचा हप्ता इथे घरच्यांच्या डोक्यावर असतो. पगार अटीत बसतोय आणि कंपनी जुनी, भरवशाची आहे, तर मात्र माझं मत स्पष्ट आहे: हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका, थेट जा.

आरोग्य अधिभार, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायची रक्कम, दोन्हीकडे वर्षाला १,०३५ पौंड, सगळ्या वर्षांचा एकदम. स्किल्ड वर्करचा काही कंपन्या भरतात. विचारायला लाजू नका.

आता कॅलेंडर. वर्षभराचं मास्टर्स सप्टेंबरात संपलं तर विद्यार्थी व्हिसा साधारण जानेवारीपर्यंत असतो. ग्रॅज्युएटचा अर्ज ब्रिटनमध्ये राहूनच करायचा, आणि तोही विद्यापीठाने तुम्ही उत्तीर्ण झाल्याचं गृहखात्याला कळवल्यावर. पदवीदान समारंभाची वाट बघायची गरज नाही. स्किल्ड वर्करला निकालासाठी थांबावं लागत नाही, नोकरी कोर्स संपल्यानंतर सुरू होत असली की झालं. अर्ज केल्यावर निर्णय येईपर्यंत देश सोडला तर अर्ज मागे घेतला असं धरतात. आमच्या घरी नेमकं त्याच दिवसांत मामेबहिणीचं लग्न होतं. आई म्हणाली, चार दिवस येऊन जाऊ दे. तो अर्ज करण्याआधी आला, विद्यार्थी व्हिसा चालू असतानाच परत गेला, आणि मग अर्ज केला. हा क्रम चुकवू नका.

आणि मुंबईतले एजंट. ओळखीतल्या एका मुलाला लाखांच्या बदल्यात सीओएस देऊ केलं होतं. सीओएसचं शुल्क कंपनीनेच भरायचं असतं, ते कर्मचाऱ्याकडून वसूल करायला ३१ डिसेंबर २०२४ पासून बंदी आहे. परवानाधारक कंपन्यांची यादी सरकारी संकेतस्थळावर उघडी आहे. पैसे मागणाऱ्याशी बोलण्यात वेळ घालवू नका, आधी यादीत नाव शोधा.

भावाच्या कंपनीने आकडा बघूनही पहिल्या वर्षी स्पॉन्सर करत नाही असंच सांगितलं. त्याने ग्रॅज्युएट घेतला, पण सहाव्या महिन्यात स्पॉन्सरशिपवर बोलू हे ईमेलवर लिहून घेतलं. ती तारीख माझ्या फ्रिजवरच्या कालनिर्णयवरही लाल पेनाने लिहिली आहे.