डिजिटल फोर्ट्रेस : गोष्ट राहू दे बाजूला, शेवटच्या पानावरचे सोळा आकडे बघा

आधीच सांगून ठेवतो, खाली सगळं फोडलेलं आहे, नंतर शिव्या घालायच्या नाहीत. ज्यांना स्वतः डोकं लावायचंय त्यांनी इथेच थांबा, पुस्तक मिळवा आणि एक रविवार मोकळा ठेवा.

तर डॅन ब्राऊनची 'डिजिटल फोर्ट्रेस'. १९९८ ची, त्याची पहिली थ्रिलर, दा विंची कोडच्या पाच वर्षं आधीची. कॉलेजात असताना कोणाची तरी मागून वाचली होती आणि दोन महिन्यांत विसरलोही होतो. आता परत घेतली ती हुतात्मा चौकाजवळच्या फूटपाथवर, त्याने १२० सांगितले, १०० ला दिली, पानं पिवळी, पाठीला सेलोटेप. गोष्ट परत वाचायची हौस नव्हती, घेतली फक्त शेवटच्या पानासाठी. कारण गोष्ट संपल्यावर तिथे नुसते आकडे छापलेत, आणि कॉलेजात मी ते छापखान्याचं काहीतरी असेल, आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा नोंदणी नंबर वगैरे असतो ना तसं, म्हणून सरळ पुस्तक मिटलं होतं. तो कोड होता हे मला कित्येक वर्षांनी कळलं. च्यायला.

आकडे असे: १२८-१०-९३-८५-१०-१२८-९८-११२-६-६-२५-१२६-३९-१-६८-७८.

संपलं. सूचना नाही, 'वाचकांसाठी कोडं' वगैरे मथळा नाही, उत्तर मागे दिलेलं नाही.

माझ्या कॉपीत गंमत म्हणजे आधीच्या मालकाने पेन्सिलने झटापट केलेली होती. ए म्हणजे १, बी म्हणजे २ असं धरून त्याने १० च्या डोक्यावर 'जे' हे अक्षर लिहिलेलं, ६ वर 'एफ', आणि १२८ ला गोल करून बाजूला तीन प्रश्नचिन्हं. पुढे काही नाही. बिचाऱ्याने तिथेच नाद सोडला आणि बहुतेक पुस्तक रद्दीत दिलं. मी खोडरबराने पुसलं, पण दाबून लिहिलेलं त्यामुळे ठसा अजून दिसतो.

भाची आली होती सुट्टीला, नववीत आहे, तिच्यापुढे पुस्तक टाकलं. आम्ही आधी पानांचे नंबर धरले, म्हणजे पान १२८ चं पहिलं अक्षर, पान १० चं पहिलं अक्षर, तर नुसता कचरा आला. मग ती म्हणाली, "मामा, सगळ्यात मोठा आकडा १२८ च का आहे? पुस्तक तर केवढं जाड आहे." आणि तिथे सुटलं. पुस्तकात प्रकरणं किती? १२८. बरोब्बर. म्हणजे आकडा हा प्रकरणाचा नंबर आणि घ्यायचं त्या प्रकरणाचं पहिलं अक्षर. पहिलं प्रकरण 'दे' (They) या शब्दाने सुरू होतं, म्हणजे टी. असं करत सोळा वेळा पुढे-मागे पानं उलटायची, ती वाचून दाखवणार आणि मी चौकटीच्या वहीत लिहिणार, आमच्या आईला वाटलं अभ्यास चाललाय. हाती काय आलं तर:

डब्ल्यू ई सी जी
ई डब्ल्यू एच वाय
ए ए आय ओ
आर टी एन यू

मी अर्धा तास हे आडवं वाचत बसलो. 'ई व्हाय' काय, 'जी ई' काय. भाची म्हणाली, "मामा, उभं वाच ना." उभं वाचलं. वी आर वॉचिंग यू. आम्ही तुमच्यावर नजर ठेवून आहोत. अहो, रात्री साडेदहाला, घरात सगळे झोपलेले, आणि जुन्या पिवळ्या पुस्तकाने हे म्हणावं! कादंबरीच अमेरिकेच्या एनएसए या लोकांचे मेल चोरून वाचणाऱ्या संस्थेवर आहे, त्यामुळे तर जास्तच बसलं. सव्वाशे प्रकरणं वाचून जे झालं नाही ते या सोळा अक्षरांनी केलं.

आणि मला आवडलं ते हे की यात चीटिंग नाही. उभं वाचायची युक्ती कादंबरीत आधीच शिकवलेली आहे. नायिका सुझन फ्लेचर एनएसएची मुख्य क्रिप्टोग्राफर, म्हणजे कोड फोडणारी, तिच्यापुढे शेवटी चौसष्ट अक्षरांचा एक गठ्ठा येतो, तो आठ बाय आठ चौकोनात मांडून उभा वाचला की वाक्य निघतं: हिरोशिमा आणि नागासाकीला जबाबदार मूलद्रव्यांमधला 'प्राइम' (म्हणजे मूळ संख्येतला) फरक किती. मी अक्षरं मोजली, खरंच ६४ भरतात, एकही उसनं घेतलेलं नाही. म्हणजे लेखकाने आधी धडा दिला आणि गोष्ट संपल्यावर गृहपाठ दिला, फक्त सांगितलं नाही की हा गृहपाठ आहे. कादंबरीत या चौकोनाचं श्रेय ज्युलियस सीझरला दिलंय ते मात्र सोडून द्या, सीझरबद्दल जे लिहून ठेवलेलं आहे ते अक्षर तीन घरं पुढे सरकवायच्या युक्तीचं आहे, चौकोनाचं नाही.

आता कादंबरीबद्दल दोन शब्द, जास्त नको. जगातला कुठलाही कोड फोडणारं एक मशीन, त्याला न फुटणारा एक कोड, आणि तो बनवणारा जपानी प्रोग्रामर पहिल्याच पानांत स्पेनमधल्या सेव्हिलला मरतो. त्याचं नाव टँकाडो आणि त्याचा गुपित जोडीदार 'एनडकोटा', म्हणजे नॉर्थ डकोटा. आता इंग्रजी स्पेलिंग घ्या आणि अक्षरं हलवा, तेच नाव. एनएसएच्या मुख्य क्रिप्टोग्राफर बाईंना हे कळायला अर्धं पुस्तक लागतं, आमच्या भाचीने कागदावर दोन मिनिटांत काढलं. शेवट तर कहर. कॉम्प्युटरचं संरक्षण ढासळत चाललंय, घड्याळ पळतंय, आणि खोलीभर हुशार माणसं २३८ वजा २३५ (हिरोशिमाचा बाँब युरेनियम २३५ चा) बरोबर ३ या उत्तरापाशी, म्हणजे पासवर्डपाशी, यायला पानंच्या पानं घेतात, आपण इकडे तीन रे तीन म्हणून ओरडतोय. त्यात नागासाकीचा बाँब प्लुटोनियमचा नव्हता, युरेनियम २३८ चा होता, असं ठोकून दिलंय. होता प्लुटोनियम २३९ चाच, हे कुठल्याही बारावीच्या पोराला विचारा. २३९ मधून २३५ गेले तर ४, आणि ४ मूळ संख्याच नाही, म्हणजे खऱ्या इतिहासात यांचा पासवर्ड चाललाच नसता. कोड्यासाठी इतिहास वाकवला, असं मला तरी दिसतं.

नायक सुझनला लिहितो त्या चिठ्ठ्यांखालचं 'विदाऊट वॅक्स' मात्र गोड आहे. त्याचा अर्थ 'सिन्सिअर'. मेणाशिवायचा पुतळा वगैरे जी व्युत्पत्ती सांगितलीय ती भाषावाले मानत नाहीत, पण प्रेमपत्रात कोण तपासतंय.

आता मुद्दा खरेदीचा, कारण रिव्ह्यू म्हटल्यावर कुठली कॉपी घ्यावी हे सांगायला पाहिजे. हा कोड प्रकरणांच्या नंबरवर आहे, पानांच्या नाही, त्यामुळे कुठलीही इंग्रजी आवृत्ती चालते, जाडी, बारीक, हार्डबाउंड, फूटपाथवरची, मोबाईलवरची, काहीही. हे डोकं वापरलंय खरं, पानांवर बेतला असता तर आवृत्ती बदलली की कोडं मेलं. पण भाषा बदलली की मरणारच, कारण भाषांतरात प्रकरण कुठल्या अक्षराने सुरू होईल त्याचा भरवसा काय. त्यामुळे एवढ्यासाठी तरी इंग्रजीच घ्या.

याच्या उलट दा विंची कोड. त्याची सगळी शिकार वेष्टणावर आहे, म्हणजे २००३ च्या अमेरिकन हार्डबाउंड कॉपीच्या जॅकेटवर. आतल्या घडीवरच्या मजकुरात काही अक्षरं बाकीच्यांपेक्षा किंचित ठळक आहेत, ती जोडली की 'विधवेच्या मुलाला कोणाचीच मदत नाही का' हे फ्रीमेसन या गुप्त संघटनेच्या लोकांचं वाक्य निघतं. मागच्या बाजूला गडद लालवर फिकट लाल, तेही उलट्या क्रमाने, अक्षांश-रेखांश छापलेत, त्यातल्या अक्षांशात एक अंश मिळवला की बोट सीआयएच्या मुख्यालयावर जातं, जिथे जिम सॅनबॉर्नचं 'क्रिप्टोस' नावाचं तांब्याचं शिल्प १९९० पासून उभं आहे आणि त्यावर चार कोड कोरलेत. एवढा मोठा खजिना, आणि माझ्याकडे आहे पेपरबॅक, म्हणजे जॅकेटच नाही! मी भिंग घेऊन माझ्या कव्हरवर ठळक अक्षरं शोधत होतो एक अख्खी दुपार, जेवण गार झालं, मग कळलं की आपण रिकाम्या विहिरीत गळ टाकून बसलोय. त्यामुळे कोडांसाठी दा विंची घेणार असाल तर विकणाऱ्याला आधी जॅकेटचा फोटो पाठवायला सांगा, पुढचा, मागचा आणि आतल्या दोन्ही घड्यांचा. नुसतं 'कंडिशन गुड' ऐकून पैसे पाठवू नका.

त्या पुस्तकाशी जोडलेला सगळ्यात भारी कोड तर पुस्तकात नाहीच, कोर्टाच्या निकालात आहे. दोन लेखकांनी आमची कल्पना चोरली म्हणून लंडनच्या हायकोर्टात प्रकाशकावर दावा लावला होता, एप्रिल २००६ मध्ये ते हरले. निकाल ७१ पानी. न्यायमूर्ती पीटर स्मिथ यांनी त्यात मधूनच एखादं अक्षर तिरकं छापून घेतलेलं, सुरुवातीची जोडली की 'स्मिथी कोड', आणि पुढची नुसती विचित्र. लंडनच्याच एका वकिलाच्या ते लक्षात आलं. किल्ली होती फिबोनाची आकडे (प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज), म्हणजे दा विंची कोडमध्ये खून झालेला माणूस जमिनीवर लिहून ठेवतो तेच. उत्तर निघालं जॅकी फिशर या ब्रिटिश ॲडमिरलबद्दल आणि बरोबर शंभर वर्षांपूर्वी, १९०६ मध्ये पाण्यात उतरलेल्या त्याच्या ड्रेडनॉट युद्धनौकेबद्दल. खटल्याशी काडीचा संबंध नाही, न्यायमूर्तींची हौस! आपल्याकडे तारखेवर तारीख आणि तिकडे निकालात शब्दकोडं.

तसं पहिल्या अक्षराचं प्रकरण आपल्याला काही नवीन नाही म्हणा. समर्थांनी शिवाजी महाराजांना पाठवलेलं म्हणून जे पत्र सांगतात, ज्याच्या ओळींची पहिली अक्षरं जोडली की विजापूरचा सरदार निघाला आहे असं निघतं, ते शाळेत कोणी ना कोणी ऐकवलेलं असतंच. ते खरं की मागाहून रचलेलं यावर वाद आहेत, त्यात मी पडत नाही. पण युक्ती तीच, आणि भाचीला ते सांगितल्यावर ती म्हणाली की मग मराठीत चार बाय चार करून बघू.

बसलो. नजर ठेवून आहोत वगैरे मोजत गेलो, कधी अठरा अक्षरं, कधी चौदा. मग तिने काढलं, 'तुमच्यावर आमची बारीक नजर आहे', बरोबर सोळा. उभं लिहून आडवं वाचलं:

तु र बा ज
म आ री र
च्या म क आ
व ची न हे

तुरबाज मआरीर च्यामकआ वचीनहे. घरच्या ग्रुपवर टाकलं. काकांनी हात जोडलेले पाठवले, त्यांना स्तोत्र वाटलं. आई आतून ओरडली, "हा तुरबाज कोण रे, तुझ्या ऑफिसातला का?" मग आम्ही ठरवलं की या अक्षरांनी सुरू होणारी सोळा प्रकरणांची कादंबरी लिहायची, पण गाडी 'च्या' वर अडली. 'च्या' ने प्रकरण सुरू करायचं तर एकच शब्द आहे आणि तो मी या रिव्ह्यूच्या पहिल्याच कोड्यापाशी वापरून टाकलाय.

आणखी खोल पाण्यात उतरायचं असेल तर 'केन्स जॉबोन' आहे, १९३४ चं, शंभर पानं मुद्दाम उलटसुलट क्रमाने छापलेली, ती नीट लावून सहा खून आणि ते करणारे खुनी शोधायचे. शंभर पानं लावायच्या शक्यतांचा जो आकडा येतो तो १५८ अंकी आहे. मी अकरा पानं लावली आणि पंखा सुरू केला, सगळी जमिनीवर. त्याचा रिव्ह्यू मी देऊ शकत नाही.

डिजिटल फोर्ट्रेसला मार्क: गोष्टीला पाचातले दोन, तेही सेव्हिलच्या धावपळीसाठी. शेवटच्या पानाला साडेचार. अर्धा कापला कारण पानावर 'हे कोडं आहे' एवढंसं तरी सुचवायला हवं होतं, नाहीतर माझ्यासारखी अर्धी जनता आयएसबीएन समजून पुस्तक मिटते. शंभर रुपयांत एवढं म्हणजे पैसे वसूल.

खर्च मात्र शंभरावर थांबला नाही. भाची गेली त्या दिवशी फ्रिजवर चिठ्ठी लावून गेली, नऊच अक्षरं: माझ्झादे माकणा पिधीर. तीन बाय तीन करून उभं वाचलं आणि गुपचूप फोन काढून तिच्या पत्त्यावर ऑर्डर टाकली, एक्स्ट्रा चीज धरून ६४० गेले.